आडवी नेलेली उंची

पहिल्याच दिवशी गावातल्या बायका कापड घेऊन आल्या. मी शाळेच्या व्हरांड्यात उंची मोजायची दांडी उभी केली होती, टेप गळ्यात होती आणि वजनकाट्यावरची धूळ पुसत होते. एकीनं निळं टेरीकॉट माझ्यापुढं धरलं आणि म्हणाली, "दोन चड्ड्या बसतेत का बघा ह्यात. दुकानदार लई लबाड हाय, कमीच फाडतो." सरकारनं फुकट गणवेश शिवायला बाई पाठवली, असा साऱ्या गावाचा समज झाला होता. मला हसू आवरेना. माझे वडील धारूरला शिवणयंत्रावर बसायचे, जन्मभर लोकांची मापं घेत आले. मी पुण्याला जाऊन, जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून, नावामागं पदव्या लावून शेवटी गळ्यात टेप अडकवूनच परत आले होते. कापड पुरतंय, पण शिवणार मी नाही, असं त्या बाईला सांगितलं. मग आलीस कशाला, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं बघितलं आणि कापडाची घडी घालून निघून गेली.

कशाला आले हे थोडक्यात सांगायला मला वीस वर्षांत जमलेलं नाही. माझा विषय जैविक मानवशास्त्र. नातेवाइकांना वाटतं मी कुठंतरी हाडं उकरते. माझ्याच खात्यातले काही जण तेही करतात, पण मी जिवंत माणसं मोजते. उंची, वजन, दंडाचा घेर, बोटातलं थेंबभर रक्त. माणूस काय खाऊन, काय सोसून वाढला हे त्याच्या अंगावर उतरतं, ते वाचायचं काम माझं. गाव वडवणीपासून जवळच, डोंगराच्या अंगाला. दरवर्षी दिवाळी झाली की पंधरा दिवस मी तिथं मुक्काम टाकायची आणि तीच पोरं पुन्हा मोजायची. एकेका पोराची वाढ तान्हेपणापासून मोठं होईस्तोवर एका रेघेत मांडायची. रेघ कुठं चढली, कुठं रखडली, यावरून त्या घरात त्या वर्षी काय झालं असेल त्याचा अदमास घ्यायचा. असल्या कामाला चिकाटी लागते. ती मला वडलांकडून मिळाली.

ज्यांच्या हाताखाली मी शिकले ते सर फार कडक. ते म्हणायचे, तू डॉक्टर नाहीस, तू औषधं वाटायला लागलीस की तुझे आकडे बिघडले. मोज, लिही आणि निघ. मी ते गुरुवचन समजून पदराला बांधलं. एखादं पोर अगदीच मलूल दिसलं तर आईला म्हणायची, दवाखान्यात दाखवा हो. म्हटलं की माझं काम झालं. ती दाखवते की नाही, तिच्याकडं एसटीला पैसे आहेत की नाही, हे विचारणं माझ्या फॉर्ममध्ये नव्हतं.

मोजण्याच्या बाबतीत मात्र मी महाखट. चप्पल काढ, वेणी सोड, टाचा भिंतीला, नजर समोर, हनुवटी खाली घे, अगं खाली म्हणजे छातीला नाही लावायची. पोरांच्या आया दृष्ट लागेल म्हणून आधी काजळाचं बोट लावून आणायच्या आणि माप झालं की कडकड बोटं मोडायच्या. आजी लोक म्हणायच्या, सारखं मोजू नये, मोजलेलं वाढत नसतंय. मी त्यांच्याशी हुज्जत घालायची. गावानं मला 'टेपवाली बाई' असं नाव ठेवलं होतं आणि मला ते आवडायचं.

जिच्याबद्दल सांगायचं आहे ती पोरगी मी पहिल्यांदा मोजली तेव्हा तीन महिन्यांची होती. तेवढ्या लेकरांना फळीवर झोपवून मोजतात. ती फळीवर मुतली आणि वर माझ्याकडंच बघून हसली. तिचे वडील गेवराईकडं वाळूच्या टिप्परवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जायची. बोलायला इतकी मऊ की तिच्यापुढं माझा आवाज मलाच मोठा वाटायचा. पोरगी मात्र तिखट. सातवीत असताना तिनं मला विचारलं होतं, "मॅडम, तुमची उंची किती?" मी सांगितली. "मोजून सांगा," म्हणाली. मला दांडीला उभं करून, हनुवटी खाली करायला लावून तिनं मोजलं. मी सांगितल्यापेक्षा एक सेंटिमीटर कमी भरले.

मागच्या दिवाळीनंतर गेले तेव्हा ती माझीच वाट बघत शाळेच्या पायरीवर बसली होती. वय वीस, वडवणीच्या कॉलेजात बी.ए.ला. रोज पहाटे रस्त्यावर पळायची, हे मी ऐकून होते.

"मॅडम, ह्या येळी जरा नीट मोजा," ती म्हणाली.

"म्हणजे आजवर मी काय झक मारली?"

"तसं न्हाई. पोलीस भरती निघालीय. एकशे पंचावन्न लागती."

मी मोजलं. एकशे चोपन्न पॉइंट सहा. दुसऱ्यांदा मोजलं, तेवढंच. मी नुसतं आकड्याकडं बघितलं आणि तिनं माझ्या तोंडाकडं. तिला सांगावं लागलं नाही.

मग तिनं सगळं सांगितलं. आत्यानं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, मुलाला शेती होती, मागणं काही नव्हतं. आई-वडील म्हणाले, एक भरती बघू, झाली तर ठीक, नाही तर वैशाखात उरकून टाकू. पळण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. गोळाफेक येत होती, लेखीचा अभ्यास झाला होता. अडलं होतं ते या बोटभर आकड्याशी. आता हा एकशे पंचावन्नाचा आकडा कुणी कुठल्या खुर्चीत बसून ठरवला देव जाणे. चोर काही पोलिसाची उंची बघून पळत नाही. पण मी आकड्यांवरच पोट भरणारी, मी कुणाच्या आकड्याला नावं ठेवू.

"तुमच्या संस्थेचा शिक्का मारून द्या ना, एकशे पंचावन्नाचा," ती म्हणाली.

"माझ्या शिक्क्याला तिथं कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

"मंग पोरी करतेत तसं करती. केसात मेण लपवतेत. एकीनं तर डोक्यात मुसळ मारून घेतलं, टेंगळाची उंची भरती म्हणं."

मी तिच्यावर अशी उखडले की व्हरांड्यातली बाकीची पोरं गप्प झाली. डोक्यात मुसळ मारून घेणार आणि मग लेखी कशानं लिहिणार, गुडघ्यानं? ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला निदान गप्प बसता आलं असतं. पण ती नुसती बोटानं फरशीवर रेघ ओढत बसली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या उठू नकोस. मी येईपर्यंत अंथरुणातच पडून राहा."

कारण मोजमापाच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. माणूस सकाळी उंच असतो आणि संध्याकाळी बुटका. रात्रभर आडवं पडलं की मणक्यांच्या मधल्या गाद्या फुगतात. उभं राहिलं की अंगाच्या भारानं पुन्हा दबतात. सेंटिमीटरभर सहज जातो, आणि त्यातला बराचसा उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांतच. म्हणून आम्ही प्रत्येक मापापुढं वेळ लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी दांडी घेऊन तिच्या घरी हजर. आईनं तिला हाताला धरून उठवलं, तीन पावलं चालवून दांडीला उभं केलं. एकशे पंचावन्न पॉइंट तीन. मी परत मोजलं. पॉइंट तीनच.

आई म्हणाली, "मंजी हाय की पोरगी उंच. फकस्त टिकत न्हाई."

मी तिला गाद्यांचं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि म्हणाली, "मंग आडवीच न्यावी लागंल."

ती थट्टा करत नव्हती. मीही हसले नाही. चोरी नव्हती ती. जेवढी उंची देवानं रात्रीत दिली तेवढी सांडू न देता बीडच्या मैदानापर्यंत पोचवायची, एवढंच.

मैदानी चाचणीची तारीख आली तेव्हा मी पुण्याहून मुद्दाम गेले. संस्थेची जीप खाजगी कामाला वापरायची नाही असा नियम आहे. तो मी मोडला आणि जीप स्वतः चालवली. मागच्या सीटवर वाकळ अंथरून पोरीला झोपवलं, डोकं आईच्या मांडीवर, अंगावर शाल. थंडी होती म्हणून आईनं तोंडावरूनही शाल ओढली. दिवस नुकताच उजाडत होता. दूध घालायला निघालेल्या दोघातिघांनी जीपमध्ये वाकून बघितलं. आईच्या तोंडचं पाणी पळालेलं होतंच, परीक्षेच्या काळजीनं. ती कुणाशी काही बोलली नाही. मीही काच वर केली आणि निघाले, कारण मला खड्डे चुकवायचे होते.

आता आमच्याकडं जवान पोरीला पहाटे जीपमध्ये आडवं घालून नेलं की लोक एकच समजतात. लग्नाचं चाललं होतं, पोरीच्या मनात नव्हतं, पोरीनं फवारणीचं औषध घेतलं. आम्ही वडवणीला पोचायच्या आत ही बातमी तिच्या मामाला पोचली होती. मामाचं वडवणीला पंक्चरचं दुकान. पोरीवर त्याचा भारी जीव. तो अंगावरच्या बनियनवरच मोटारसायकलला किक मारून आमच्या मागं लागला.

बीडच्या रस्त्याला लागलो आणि मागून हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं कुणीतरी टारगट आहे. मी दोन सणसणीत शिव्या घातल्या, गाडी पुढं दामटली. मामानं ओव्हरटेक करून मोटारसायकल माझ्यापुढं आडवी घातली. मी ब्रेक मारला, तोवर त्यानं मागचं दार उघडलं होतं.

"कोणचं औषध पिली? किती येळ झाला?" तो बहिणीला विचारत होता आणि उत्तराची वाटही बघत नव्हता. त्यानं पोरीच्या तोंडावरची शाल काढली. ती बिचारी डोळे मिटून आकडे पाठ करत पडली होती, कलम अमुक, कलम तमुक. तिनं डोळे किलकिले केले आणि म्हणाली, "मामा, मला निजू द्या."

याहून वाईट वाक्य तिला सापडलं नसतं. औषध पिलेल्या माणसाला झोपू द्यायचं नाही, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मामानं तिला काखेत हात घालून जीपमधून खेचली आणि रस्त्यावर चालवायला लागला. "निजू नगं माय, डोळे उघड, माज्याकडं बघ, चाल, चाल." ती सुटायला बघे तसा तो आणखी घट्ट धरी. तिची आई मागं मागं, "आरं तिला काई झालं न्हाई," म्हणत पळतेय. मी त्याचा हात ओढतेय आणि ओरडतेय, "सोड बे तिला, उंची चालली तिची." हे वाक्य ऐकून मामाला काय वाटलं असेल, मला आजही कल्पना करवत नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं ते मला वेड लागलंय असंच. अख्खा फर्लांगभर त्यानं तिला चालवली. एसटी थांबली, त्यातले लोक उतरले, एकानं पाण्याची बाटली आणली, एकजण मीठ-पाणी पाजा म्हणाला.

शेवटी पोरीनंच त्याच्या दोन्ही गालांवर हात ठेवले आणि म्हणाली, "मामा. मी भरतीला चालले. काई पिले न्हाई मी. वास घ्या माज्या तोंडाचा."

त्यानं खरोखर वास घेतला. मग तो तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसला आणि तोंडावर बनियन घेऊन रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, हात ग्रीसनं काळे झालेले. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. एसटीतले लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून मुकाट परत गाडीत बसले. पुढं बीडपर्यंत मामा आमच्यापुढं मोटारसायकलवर, हॉर्न वाजवत, टमटमवाल्यांना बाजूला काढत. मागं पोरगी पुन्हा आडवी.

मैदानाबाहेर पोरींची लांबच लांब रांग होती. गेट उघडायला वेळ होता. आईनं रांगेतच वाकळ टाकली आणि पोरीला झोपवलं. पुढच्या-मागच्या पोरी बघायला लागल्या. बरं नाही का, एकीनं विचारलं. आई भोळी, तिनं सगळं खरं सांगून टाकलं, मणक्याच्या गाद्यांसकट. मी डोक्याला हात लावला. पाच मिनिटांत धारूरकडची एक बुटकी पोरगी ओढणी अंथरून आडवी झाली. मग तिच्या शेजारची. मग जी ती. थोड्या वेळानं बघते तो ज्यांच्या उंचीला काही धोका नव्हता अशा ताडमाड पोरीसुद्धा, असू द्या, म्हणून पडलेल्या. अख्खी रांग भुईवर, एकामागं एक, आभाळाकडं तोंड करून. गेटवरची पोलीसबाई धावत आली. "काय हाय हे? उपोषण हाय का? उठा." कुणी उठेना. पडल्या पडल्या सगळ्या खुसूखुसू हसत होत्या. माझी पोरगी, म्हणजे खरं तर त्या आईची, पण त्या दिवशी मी तिला माझीच म्हणत होते, तीही हसत होती. इतकी हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती. ती पोलीसबाई चांगली होती. तिला कारण कळल्यावर तीही ओठ दाबून दुसरीकडं बघायला लागली.

गेट उघडलं तशा सगळ्या उठल्या आणि आत गेल्या. पालकांना बाहेरच थांबावं लागतं. मी, आई आणि मामा कुंपणाच्या जाळीला चिकटून उभे होतो. आत आधी कागदपत्रं बघत होते. एकेक कागद, एकेक सही. पोरी उन्हात उभ्या. कागदपत्रांची रांगही लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षं मोजतेय, पण माझी रांग कधी दहा पोरांपेक्षा मोठी नसायची. तिची पाळी यायला दोन तास लागले. त्या दोन तासांत मी घड्याळाकडं इतक्यांदा बघितलं की मामा म्हणाला, "बाई, घड्याळ काढून ठुवा. तुमच्या बघण्यानं येळ चाललाय."

लांबून दिसलं. ती दांडीला उभी राहिली. टाचा मागं, नजर समोर, हनुवटी मी शिकवली होती तशी. मोजणाऱ्या बाईनं एकदा मोजलं, मान हलवली, पुन्हा मोजलं. पोरगी खाली उतरली आणि डावीकडच्या गटात जायच्या ऐवजी उजवीकडं, जिथून बाहेर सोडत होते तिकडं चालायला लागली. एकशे चोपन्न पॉइंट आठ. दोन मिलिमीटर.

अपिलाची सोय होती. तिनं अपील केलं. ते दुपारी मोजलं. मला ठाऊक होतं काय येणार, आणि मी तिला करू नको म्हणू शकले नाही. पॉइंट पाच आलं. मामा एका झाडाखाली बसून स्वतःच्या तोंडात मारून घेत होता. "माज्यामुळं झालं. मी चालवली तिला." मी त्याला सांगितलं की उभ्याचे दोन तास तुझ्या दहा मिनिटांपेक्षा जास्त खातात. ते खरंच आहे. पण तो ऐकायला तयार नव्हता आणि माझ्यातही जोर नव्हता. पोरगीच त्याला म्हणाली, "मामा, तुमी न्हाई. चला, भूक लागली."

परतताना ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर ताठ बसून आली.

घरी आईनं चहा ठेवला. चूल फुंकता फुंकता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "बाई, तुमीच अंगणवाडीत सांगितलं होतं, पाच वर्साच्या आत जे खाल्लं-पिलं त्यावर उंची ठरती म्हणून. मंजी माजंच कमी पडलं. मी रानात जायची, पोर घरी. माजंच काई तरी चुकलं आसंल."

मी सांगितलं होतं खरं. दरवर्षी सांगते, फळ्यावर चित्र काढून. त्या व्याख्यानाचा एवढा काटा कुणाच्या काळजात रुतून बसला असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. मला तिचं बोलणं सहन होईना. तुमचं काही चुकलं नाही हे दाखवायला मी घाईघाईनं लॅपटॉप उघडला आणि पोरीची रेघ काढली. "हे बघा," म्हटलं, "जन्मली तेव्हा चांगली होती. तीन वर्षांपर्यंत बघा कशी चढतेय. तुम्ही दूध पाजलंत, जपलंत, सगळं इथं दिसतंय. नंतर शाळेत गेल्यावरही चांगली वाढलीय. मधेच थोडं अडलंय, एवढंच."

पोरगी माझ्या खांद्यावरून बघत होती. तिनं बोट ठेवलं. चौथ्या आणि सहाव्या वर्षाच्या मधे रेघ जवळजवळ सपाट होती.

"हितं काय झालं?"

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "तवा तू माती खायचीस. लई खायचीस. ही दाराआडची भिंत बोटानं उकरू उकरू खाल्ली, खड्डा पाडला होतास. मारलं, हाताला मिरची लावली, तरी ऐकंना. पोट हे एवढं, आन् हातपाय काड्या."

"मॅडम तवा आलत्या का?" तिनं आईला नाही, मला विचारलं.

"आले होते," मी म्हणाले. "दोन्ही वर्षी."

"आलत्या की," आई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा चेहरा जरा उजळला. "बाईंनी त्या खड्ड्यातली माती चमच्यानं खरवडली, पिशवीत बांधली, वर चिठ्ठी लावली. आपल्या भिंतीची माती पुण्याला तपासायला गेली म्हणून मी साऱ्या गल्लीला सांगितलं होतं."

ती माती मी विसरले नव्हते. त्या मातीवर मी लेख लिहिला. लेकरं आणि गरोदर बाया माती का खातात, रक्त कमी असलं की खावीशी वाटते का, मातीतून पोटात जंत किती जातात. लेख परदेशात वाचला, लोकांनी उठून माझं कौतुक केलं, मला बढती मिळाली ती त्यानंतर. पोरीच्या फॉर्मवर शेऱ्याच्या रकान्यात मी 'माती खाते, पोट फुगलेले, डोळे पांढुरके' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. आईला जाता जाता म्हणाले होते, माती खाऊ देऊ नका, दवाखान्यात दाखवा. जंताचं औषध आणि रक्तवाढीच्या गोळ्या वडवणीच्या सरकारी दवाखान्यात तेव्हाही फुकट मिळायच्या. ते दोन मिलिमीटर तिथंच गेले असं मी शपथेवर सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण इतकी वर्षं रेघा वाचून माझं जे काही मत झालं आहे, ते मला विचाराल तर, तिथंच गेले.

पोरीनं रेघेवरचं बोट उचललं. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होती.

"माती नेली," ती म्हणाली. "मला का न्हाई नेलं?"

"आसं बोलू न्हाई मोठ्या माणसाला," आई दचकून म्हणाली. तिनं चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "बाईंचं काम मोजायचं हाय. त्या तरी काय करणार?"

इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले होते. तिच्या तोंडून, त्या मऊ आवाजात ऐकलं आणि मला ते सोसवेना. मी पोरीचा हात धरला. पुण्यातली माझी बोली कुठं गेली कोण जाणे.

"न्यायला पायजे होतं," मी म्हणाले. "जीप दारातच उभी होती."